मोलीला पांढरे ठिपके, एकीच्या तोंडाला कापूस. औषध टाकूनही पुन्हा आले

राजारामपुरी_दोनफुटी

नमस्कार मंडळी. माशांची टाकी २४ × १२ × १५ इंच, सुरू करून अडीच महिने झाले. आत ४ मोली, ६ निऑन, २ एंजल, ४ कोरिडोरास. चारपैकी दोन मोली दहा दिवसांपूर्वी आणल्या आणि पिशवीतून थेट टाकीत सोडल्या. सहाव्या दिवशी मोलींच्या अंगावर आणि एका एंजलच्या परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडाला अंग घासतात. दुकानातून हिरव्या औषधाची बाटली आणि सुटी पिवळी पावडर मिळाली, तीन दिवस दोन्ही टाकलं. परवा ठिपके गेले होते, आज दुप्पट आहेत. काल घाबरून सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंजही नळाखाली स्वच्छ धुतला. आज एका मोलीच्या ओठांवर कापसासारखं पांढरं आहे आणि एंजल वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय. हीटर नाही, सकाळी पाणी २१ डिग्री होतं. आता कुठलं औषध टाकू?

कल्ले_आधी_बघा

आज कुठलंच नको भावा. आधी एअर पंप पूर्ण सोड आणि खाणं दोन दिवस बंद.

ठिपक्यांचं कोडं सोपं आहे. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे इक्थियोफ्थिरियस नावाचा परजीवी. दिसतो तो ठिपका माशाच्या कातडीखाली बसलेला असतो, तिथं औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं फुटून पोहत मासा शोधायला निघतात, तेवढा एकच टप्पा औषधाच्या तावडीत सापडतो. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. परवा ठिपके गेले ते बरे झाले म्हणून नव्हे, पिकून खाली पडले म्हणून. आज आलेली ही पुढची पिढी.

म्हणून हीटर आण. एवढ्या टाकीला ७५ किंवा १०० वॉटचा पुरतो. तापमान वाढलं की हे चक्र झपाट्यानं फिरतं: २६ डिग्रीला चार-सहा दिवसांत, २१ ला त्याहून बरंच रेंगाळतं. ३० पर्यंत नेलंस तर बहुतेक वेळा त्याची वाढच खुंटते. पण दिवसाला चार-पाच डिग्रीच्या वर चढवू नकोस. पाणी कमी करायचं असेल तर पंधरा मिनिटं आधी हीटरचं बटण बंद. काच तापलेली असताना उघडी पडली की तडकते.

पंचगंगेचं_पाणी

वरचं ठिपक्यांबद्दलचं सगळं बरोबर, पण ३० डिग्रीला माझा विरोध आहे. ओठांवरचा कापूस बघितल्याशिवाय तापमान वाढवणं धोक्याचं.

टॉर्च बाजूनं मारून नीट बघा. खरी बुरशी असेल तर धागे लांब, पाण्यात हलणारे दिसतात आणि ती बहुधा आधीच्या जखमेवर येते. करडट पांढरा, चपटा, कडेला पिवळसर थर असेल आणि ओठ झिजल्यासारखे वाटत असतील तर तो कॉलमनॅरिस. दिसायला बुरशी, असतो जिवाणू. उबदार पाण्यात तो फार वेगानं पसरतो, काही वेळा एकदोन दिवसांत मासा जातो. पाठीवर पराच्या बुडाशी खोगिरासारखा फिकट पट्टा आला तरी तोच समजा. ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी भुकटी दिसली तर प्रकरण वेगळं, ते वेल्व्हेट. मग टाकीचे दिवे बंद ठेवावे लागतात, कारण त्या परजीवीला उजेडाचा आधार मिळतो.

पिवळ्या पावडरीत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर ती कचऱ्यात. अँटिबायोटिक असेल तर तीन दिवसांचा अर्धामुर्धा डोस देऊन जिवाणू मरत नाहीत, निर्ढावतात. आणि एंजलची उघडझाप ठिपक्यांमुळे असेलच असं नाही. काल तुम्ही पाणी आणि स्पंज दोन्ही एकाच दिवशी धुतलंत, तिथं मला जास्त शंका आहे. अमोनिया, पीएच आणि क्लोरीन मोजून सांगा.

राजारामपुरी_दोनफुटी

थर चपटाच आहे, कडेला पिवळट. फक्त त्या एकाच मोलीला. ड्रॉप किटवर अमोनिया १, पीएच ८. ओटीचे (क्लोरीन तपासायचे) थेंब नळाच्या पाण्यात पिवळे झाले, टाकीच्या पाण्यात अगदी फिकट पिवळे. हीटर आणला, अजून लावला नाही. टाकीत मीठ किती टाकू? शेजारचे काका हळद टाक म्हणतात.

पंचगंगेचं_पाणी

हळद भाजीत. टाकीत ती विरघळत नाही, कल्ल्यांवर बसते आणि पाणी नासवते.

पीएच ८ ला अमोनिया १ ही गंमत नाही. २५ डिग्रीला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर. तोच आकडा, विष जवळजवळ दहापट. वरून पाणी तापवाल तर हे प्रमाण आणखी वाढतं आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो. म्हणून आज हीटर २४ वर ठेवा, त्याच्या वर नाही. स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात, नळाच्या क्लोरीननं आणि कदाचित औषधानंही ते मेले. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस्स. ओळखीत कुणाची निरोगी टाकी असेल तर तिथला वापरता स्पंज मागून आणा. मात्र तो परत द्यायचा नाही, तुमच्या टाकीतला रोग त्यांच्या घरी जाईल.

रोज १५ ते २० लिटर पाणी बदला, पण त्यातलं क्लोरीन घालवून. कोल्हापुरात पाणी थेट पाइपलाइनचं असो की शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशाचं, तुमच्या नळाला येतं ते क्लोरीन घालूनच. पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी आणि क्लोरीन दोन्हींचा मारा वाढतो. हायपोचे (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन घालवणारं) १० ग्रॅम खडे मोजून १०० मिली पाण्यात विरघळवा. या द्रावणाचं १ मिली दर १० लिटरला, ढवळा, पाच मिनिटांनी ओटीचा थेंब टाका, पिवळं झालं नाही की वापरा. टाकीत राहिलेल्या क्लोरीनसाठी आज ५ मिली थेट फिल्टरच्या धारेत सोडा. हायपो नसेल तर रुंद टबात एअर स्टोन लावून २४ तास ठेवा. गच्चीवरच्या बंद सिंटेक्समध्ये पाणी रात्रभर राहिलं म्हणजे क्लोरीन उडालं असं धरू नका.

कल्ले_आधी_बघा

ओठांचं मला दिसलं नव्हतं, ३० चं माघारी घेतो. ती मोली आजच बाहेर काढ. १० लिटरचा स्वच्छ टब, तळाला काही नाही, एअर स्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. टाकीच्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी. मोली मिठाला दणकट असते, ३० ग्रॅम मीठ तीन हप्त्यांत घाल. रोज निम्मं पाणी बदल.

त्याच टबात पोटॅशियम परमँगनेट देता येतं, पण चमच्यानं नाही हां, तिथंच लोक मासे मारतात. १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम. १० लिटरला त्यातलं २० मिली, चार तास, समोर बसून. गुलाबी रंग आधीच तपकिरी पडला तर औषध पाण्यातल्या घाणीनंच खाल्लं, त्या दिवशी पुन्हा टाकू नकोस. मासा आडवा झाला तर हायपोचं १ मिली टाक, रंग जाईल आणि औषधाचा जोर संपेल. फॉर्मॅलिन असलेल्या बाटलीबरोबर हे कधीच नाही. हिरव्या बाटल्यांत बऱ्याचदा मॅलकाइट ग्रीनसोबत तेच असतं. टबाची जाळी वेगळी, आणि हात आधी टाकीत, मग टबात. उलटं नाही.

पंचगंगेचं_पाणी

आता मोठी टाकी. दुकानदार दोन फुटी म्हणजे ७० लिटर धरतात. इंचांतला गुणाकार भागिले ६१ केलं की लिटर येतात, पण उंची काचेची नाही, पाण्याची घ्यायची. १३ इंच पाणी धरलं तर ६१ लिटर, त्यातून खडीचे वजा जाता ५५. डोस ५५ वरच.

तुमच्याकडे निऑन आणि कोरिडोरास आहेत, दोघांनाही मॅलकाइट जपून द्यावं लागतं. आधीच तीन दिवस झालं आहे, म्हणून आता मीठ. पहिल्या दिवशी ५५ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी ५५, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, मगात विरघळवून हळूहळू सोडा. कोरिडोरासवर खडे पडू देऊ नका. ते सारखे वर धावू लागले किंवा लोळू लागले तर पाव पाणी बदला, पुढचा हप्ता थांबवा. व्हॅलिस्नेरियासारखी पाणवनस्पती असेल तर ती खराब होईल हे गृहीत धरा. आणि मीठ उडून जात नाही: १५ लिटर पाणी बदललं तर १५ लिटरचंच, म्हणजे ३० ग्रॅम टाकायचं. पुन्हा ११० टाकून मासे घालवलेले लोक कमी नाहीत.

तापमान दोन दिवस २४. अमोनिया पाव मिलिग्रॅमच्या खाली आला आणि दुसऱ्या कुणाच्या ओठांवर थर आला नाही, तर रोज एक-एक डिग्री करत २८. तिथं थांबा. २८ ला नुसत्या उष्णतेनं परजीवी मरत नाही, तो फक्त लवकर पोहत्या टप्प्यात येतो आणि तिथं मीठ त्याला गाठतं. तळाची खडी एक दिवसाआड सायफननं ओढा, कवचं तिथंच पडलेली असतात.

राजारामपुरी_दोनफुटी

मोली टबात गेली. मीठ-हीटर किती दिवस? टबातली मोली मेली तर?

कल्ले_आधी_बघा

शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढं दहा दिवस. ठिपके गेले म्हणून तिसऱ्याच दिवशी हीटर काढलास तर हाच धागा पुन्हा काढावा लागेल. त्यानंतर मीठ काढायला वेगळं काही नको, रोजच्या पाणीबदलात टाकायचं बंद केलं की आपोआप उतरतं.

मेली तर कुंडीत खोल पूर. टबाचं पाणी संडासात. रंकाळ्यात किंवा नदीत काही सोडायचं नाही, जिवंत मासा तर मुळीच नाही. आणि तो टब फोडू नकोस, पुढचे नवे मासे चार आठवडे त्यातच राहतील.