पाहुणे बाहेर पोपटासारखे बोलतात आणि माईकसमोर आले की मौनव्रत, काय करावं?

रविवारचा अर्धा तास

नमस्कार मंडळी. आमचं छोटंसं कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, सगळे व्हॉलंटियर, मीपण त्यातलीच. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करते, दर वेळी गावातलंच कुणीतरी पाहुणं. ज्यांची भाषणं सगळ्यांनी दहादा ऐकलीयत ते नकोत, हे पहिल्यापासून ठरवलंय.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात एक रिटायर्ड पोस्टमन काका आले होते. स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून वीस मिनिटं असलं काही सांगत होते की म्हटलं आजचा एपिसोड म्हणजे लॉटरी. एका बाईंना दर महिन्याला मुलाचं पत्र यायचं, त्यांना वाचता येत नव्हतं, काकाच वाचून दाखवायचे, आणि मग एका महिन्यात पत्र आलंच नाही... इथपर्यंत आले आणि आमची वेळ झाली. आत गेलो, दार लावलं, त्यांना हेडफोन दिले, लाल दिवा लागला आणि मी नेहमीसारखं सुरू केलं, "आज आपल्या स्टुडिओत उपस्थित आहेत, तब्बल ३६ वर्षं टपाल खात्यात निष्ठेने सेवा बजावणारे..." माझं संपेपर्यंत काकांनी खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला होता. "सन्माननीय श्रोतेहो." हात थरथरतोय, कागदाचा फडफड आवाज थेट माईकमध्ये. पत्राचं विचारलं तर म्हणाले, "हो, असे अनुभव येत असतात." झालं. २८ मिनिटं हवी होती, मिळाली ११, त्यातली ४ तर मीच बोललेय, उरलेल्या वेळात गाणी लावली.

आणि हे पहिल्यांदा नाही. प्रश्न आधी पाठवायचे का? लाइव्ह करायचं की रेकॉर्ड? का माणसंच चुकीची निवडतेय मी?

फेडर खाली

माणसं बरोबर निवडताय. इंट्रो चुकतोय. राग मानू नका पण "निष्ठेने सेवा बजावणारे" हे ऐकल्यावर कुठलाही माणूस सत्काराला आल्यासारखाच बसणार, आणि सत्काराला आलेला माणूस भाषणच करणार ना. इंट्रो पाहुणे घरी गेल्यावर एकटीने रेकॉर्ड करायचा आणि पुढे जोडायचा. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. फायदा अजून एक, काका नक्की काय बोलले ते तेव्हा तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे इंट्रो त्या गप्पांचा होतो, नोकरीच्या वर्षांचा नाही.

प्रश्न पाठवू नका. प्रश्न पाठवले की उत्तरं लिहून येतात, तो फुलस्केप तिथूनच येतो (तुम्ही नसतील पाठवले तरी माणूस स्वतःच अंदाजाने लिहून आणतो, म्हणून फोनवरच सांगायचं की कागद नको, गप्पा मारायच्यात). विषय सांगा, पहिला प्रश्न सांगितला तरी चालेल. आणि काय विचारणार नाही ते मात्र जरूर सांगा, त्याने खांदे खाली येतात माणसाचे.

पहिला प्रश्न असा पाहिजे की उत्तर चुकूच शकत नाही. "तुमच्या जीवनप्रवासाविषयी सांगा" हा रेडिओवरचा सगळ्यात वाईट प्रश्न आहे, चाळीस वर्षं कुठून धरायची माणसाने? पोस्टमनला विचारा, पिशवी कुठल्या खांद्याला असायची. विचारून बघा, आधी हात तिकडे जातो आणि मग तोंड उघडतं. हाताने काम केलेल्या माणसाला हातापासूनच सुरू करायचं, नर्स असो की घड्याळं दुरुस्त करणारा.

आणि उत्तर संपलं वाटलं की मनात तीन आकडे मोजा. खरं उत्तर पुष्कळदा त्या तिसऱ्या आकड्यानंतर येतं. डेड एअरच्या (रेडिओवर कोणीच बोलत नाही अशा शांततेच्या) भीतीने आपण मध्ये उडी मारतो आणि त्याचं तोंड पुन्हा बंद करतो. रेकॉर्डिंग असेल तर शांतता कापता येते, "अच्छा अच्छा, हो ना, बरोबर" कापता येत नाही, कारण ते पाहुण्याच्या शब्दावरच बसलेलं असतं. नुसती मान हलवा.

डेसिबल भाऊ

वरच्यांशी सहमत, पण अर्धा घोळ सामानाचा आहे असं मला वाटतं.

पाहुण्याला हेडफोन देऊ नका!! आपला आवाज आपल्याला रोज कवटीच्या हाडातूनपण ऐकू येत असतो म्हणून तो भारदस्त वाटतो, हेडफोनमध्ये फक्त हवेतून आलेला येतो, पातळ, परका. नवख्या माणसाला पहिल्या वाक्यालाच "हा मी?" असा धक्का बसतो आणि मग तो बोलायचं सोडून स्वतःला ऐकत बसतो. हेडफोन तुम्ही घाला, एका कानाला. फोनवरचा तिसरा माणूस असेल तरच पाहुण्याला द्या.

माईक कुठला आहे? कंडेन्सर असेल (ज्याला केबलमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते तो) तर पंखा, खुर्ची, बाहेरची मोटरसायकल सगळं घेतो. साधा डायनॅमिक कार्डिऑइड बरा, समोरचं घेतो मागचं टाकतो. तोंडापासून चार बोटं ते वीतभर, आणि अगदी नाकासमोर नको, जरा बाजूला तिरका, म्हणजे प आणि फ चे फटके बसत नाहीत आणि मुख्य म्हणजे माईक तुमच्या दोघांच्या नजरेच्या मध्ये येत नाही. पाहुणा माईककडे बघायला लागला की गेला. अजून एक, नवखा माणूस हळूहळू मागे सरकतो, त्याला "पुढे या पुढे या" करू नका, खुर्ची आधीच टेबलाला भिडवून ठेवा आणि माईक स्टँडवर त्याच्याकडे न्या. दोन माईकमधलं अंतर तोंड ते माईक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर तुमचा आवाज त्याच्या माईकमध्ये शिरतो आणि डब्यात बोलल्यासारखं होतं.

मीटरवर आवाजाची लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, माणूस हसला की बराच वर जातो, तेवढी जागा पाहिजे. आणि लेव्हल घेताना "वन टू थ्री बोला" सांगू नका, इथे कसे आलात, वाटेत कोण भेटलं विचारा. त्यातच तुमच्या गप्पा सुरू होतात. पेन आणि किल्ल्या काढून घ्या हातातून, टिक टिक करत बसतात लोक.

लाल दिव्यावर टोपी घाला. मी चेष्टा करत नाहीये.

तिसरी घंटा

एवढं कशाला? पायऱ्यांवरच मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून खिशात टाकायचं, कळतपण नाही, आणि बोलतात पण मस्त.

जुनी टेप

@तिसरी घंटा, हे चुकूनही करू नका. कायद्याचं बाजूला ठेवा, छोट्या गावात हे एकदा कळलं की तुमच्या पायऱ्यांवर परत कोणी बसणार नाही. रेकॉर्डर उघड ठेवा, चालू केलाय म्हणून सांगा, दहा मिनिटांत माणूस विसरतो. विसरू द्यावं, पण लपवू नये, यात फरक आहे.

माझी स्वतःची चूक सांगतो. एक विहिरी खोदणारे गृहस्थ होते, जबरदस्त बोलले, दगड कसा ओळखायचा, सुरुंग लावल्यावर किती वेळ थांबायचं. बोलता बोलता एका वाक्यात भावाबरोबरच्या बांधाच्या भांडणाचं निघालं. हसत हसत बोलले होते, नाव नाही घेतलं, मला वाटलं रंगत आहे, ठेवलं. नाव घ्यायची गरजच काय, त्यांना भाऊ एकच आहे हे अख्ख्या गावाला माहीत! कार्यक्रम संपायच्या आत भाऊ स्टेशनच्या दारात. भाऊ चिडले ते ठीक, पण आमचे पाहुणे मला दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी तुमच्याशी बोलत होतो हो, गावाशी नव्हे." ते वाक्य अजून बोचतं.

मोठ्या शहरातल्या स्टेशनला ऐकणारा अनोळखी असतो, आपल्याला तसं नाही. पाहुण्याला उद्या त्याच रस्त्याने जायचंय, त्याच दुकानाच्या रांगेत उभं राहायचंय. म्हणून माझा नियम, रेकॉर्डिंग संपल्यावर दोन प्रश्न. यातलं काही नको वाटतं का? आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल बोललात त्यांनी ऐकलं तर चालेल का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण पहिल्याला सगळे "नाही नाही, चालतंय" म्हणतात. शिवाय प्रसारणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फोन करा म्हणून सांगतो, काढून टाकू. आजवर फार कमी लोकांनी फोन केलाय, पण करता येतो हे माहीत असल्यानेच मोकळं बोलतात.

याच कारणाने लाइव्ह नको. मोठ्या स्टेशनांकडे डिले मशीन असतं, बोललेलं काही सेकंद उशिरा ऐकवणारं, आपल्याकडे असतो फक्त घाम.

हेडफोनवाली

जुनी टेप +१.

मला एक आठवलं. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवर स्टड्स टर्केल नावाचे गृहस्थ १९५२ ते १९९७ कार्यक्रम करत होते, साध्या कष्टकऱ्यांना बोलतं करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण टेपरेकॉर्डर चालवायच्या बाबतीत आनंद. चुकीचं बटण दाबायचे, टेप फिरायचीच नाही, आणि ते समोरच्यानेच दाखवून द्यायचं. ते स्वतःच सांगायचे की याचा फायदाच होतो, समोरच्याला वाटतं या माणसाला माझी गरज आहे. मी मुद्दाम बटणं चुकवत नाही, पण पाहुण्याला एखादं काम देते. "काका, जरा हा स्टँड धरता का?" स्टँड धरलेला माणूस पाहुणा राहत नाही.

दुसरं, एकट्याला बोलवूच नका. त्यांना ओळखणारं कोणीतरी बरोबर आणा, नात, जुना सहकारी, कोणीही, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स हा उपक्रम २००३ पासून याच कल्पनेवर चाललाय, सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली केली होती, एकमेकांना ओळखणारे दोघं आत जातात, ४० मिनिटं बोलतात, निवेदक नाहीच, फक्त एक जण मदतीला. तुम्हाला जे विचारायला संकोच वाटतो ते नात सहज विचारते, "आजोबा, तुम्ही घाबरायचात का कुत्र्यांना?" आणि आजोबा नातीला सन्माननीय श्रोतेहो म्हणत नाहीत.

आवरा आता

तुमचं दुखणं परवडलं, माझ्याकडचे थांबतच नाहीत!! तीस मिनिटांत दोन प्रश्न, आणि दुसराही त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला.

फेडर खाली

@आवरा आता, नाव घ्या. "एक मिनिट" म्हटलेलं ऐकू येत नाही, पण स्वतःचं नाव ऐकलं की कुणीही अर्धा सेकंद थांबतो, त्या अर्ध्या सेकंदात शिरायचं. आणि असे लोक आले की मी फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) बोट ठेवूनच बसतो.

डेसिबल भाऊ

@रविवारचा अर्धा तास, काकांकडे परत जाणार असाल तर त्यांच्या घरीच करा. पंखा, टीव्ही बंद. फ्रिजपण बंद, त्याची घरघर ऐकताना कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मधेच थांबली की कळते. आणि फ्रिज बंद केलात की आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. जाताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल. गाद्या, पडदे असलेली खोली बघा, रिकाम्या भिंतींची नको. शेवटी कोणीही न बोलता ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, एडिट करताना जोडांच्या मध्ये घालायला ती शांतता लागते.

रविवारचा अर्धा तास

सगळ्यांचे आभार, आणि रिपोर्ट द्यायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

गेले काकांकडे. नात होतीच घरी, नववीतली, तिला बसवलं शेजारी. फ्रिजमध्ये किल्ली ठेवली (काकू माझ्याकडे बघतच राहिल्या). काकांना रेकॉर्डर हातात दिला, म्हटलं आकडे लालकडे जायला लागले की सांगा. पिशवीचं विचारलं. हात खरंच डाव्या खांद्यावर गेला! मग म्हणाले, इथे अजून खड्डा आहे बघ, आणि नात म्हणाली बघू, आणि पुढची ४१ मिनिटं मी पाच-सहाच वाक्यं बोलले असेन. पावसात पत्रं छातीशी कशी धरायची, पिन कोड नसला तरी नुसत्या अक्षरावरून घर कसं ओळखायचं, सायकलची चेन, कुत्री. एकदा मध्येच मला गप्प करून म्हणाले, "थांबा, लाल झालं."

पत्राची गोष्टपण सांगितली, पूर्ण. तीन आकडे मोजल्यावर. नात रडली, मीपण.

संपल्यावर जुनी टेप यांचे दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला म्हणाले चालतंय. दुसऱ्याला जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, त्या बाईंची नातवंडं ऐकतात तुमचा कार्यक्रम, त्यांना हे घरात कोणी सांगितलेलं नसणार, तेवढं काढ. काढलं. कापूनकुपून २२ मिनिटं राहिली, बाकी गाणी, पण यावेळी त्याचं काही वाटलं नाही.

आणि त्या पत्राचं पुढे काय झालं ते इथेपण विचारू नका.