लेबेल १८८६ एम९३ : 'एन'चा शिक्का आहे, मग काडतूस कुठलं?

ओहायोकर
सेंट-एटियेन कारखान्याची लेबेल (जुनी फ्रेंच लष्करी रायफल) आहे. नळीवर १८९४ साल, आणि नळीवर व बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) दोन्हीकडे 'एन'चा शिक्का. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा हँडलचा दांडा), नळी आणि लाकडावरचे क्रमांक जुळतात. नळी आतून काळपट, पण खाचांच्या कडा धारदार आहेत. दाखवायला ठेवायची नाही, महिन्यातून वीस-पंचवीस बार काढायचे आहेत. तीन शंका:
१. अमेरिकी कायद्याने ही 'अँटीक' धरली जाईल का?
२. बाजारात ८ मिमी लेबेलची तयार काडतुसं मिळतात, ती थेट चालतील का?
३. नळीखालच्या मॅगझिनमध्ये आठ काडतुसं भरायला हरकत आहे का?

बोल्टवाला
तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण चूक झाली तर तीच सगळ्यात महाग पडते. आज भरू नका. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

पहिला प्रश्न. संघराज्याच्या कायद्यात १८९८ पर्यंत (ते वर्ष धरून) बनलेलं शस्त्र अँटीक. पण तुम्ही वाचलेलं साल नळीचं आहे आणि कायदा बॉडीचं बघतो. लेबेलच्या बॉडीवर साल नसतं. सुमारे २८ लाख लेबेल बनल्या आणि पहिल्या महायुद्धात त्यांच्या नळ्या ढिगाने बदलल्या गेल्या. त्यामुळे १९१७ सालच्या नळीखाली १८८९ ची बॉडी सापडते. उलटं, म्हणजे नव्या बॉडीला जुनी नळी, क्वचितच. तुमचे क्रमांक जुळताहेत आणि नळी १८९४ ची आहे, तेव्हा बाजू भक्कम आहे. शिक्क्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. तुमच्या राज्याचा नियम वेगळा असू शकतो, तो स्वतंत्रपणे बघा.

'एन' म्हणजे १९३२ च्या 'बाल एन' काडतुसासाठी चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) मोठं केलेलं. त्या आधीची 'बाल डी' (१८९८) १२.८ ग्रॅमची, अखंड पितळी, टोकदार आणि मागे निमुळती. 'बाल एन' १५ ग्रॅमची, आणि तिच्या केसची (काडतुसाच्या पितळी टरफलाची) मान जाड. शिक्का नसलेल्या रायफलमध्ये 'एन' काडतूस कोंबलं तर मानेला फुगायला जागाच राहत नाही, गोळी सुटायला अडते आणि दाब भलताच चढतो. तुमच्याकडे अडचण उलटी आहे: चेंबर ऐसपैस, त्यामुळे केस जास्त ताणली जाते.

पहिल्या बाराआधी एवढं कराच:

हँडल वर उचलून बोल्ट मागे घ्या आणि बोल्ट-हेडचा स्क्रू काढा. बोल्टचा मागचा भाग मागून बाहेर येतो, हेड आतच राहतं, ते वेगळं उचलून घ्यायचं. कुलूप लावणारे दोन्ही कान या सुट्या हेडवरच आहेत, म्हणून भिंगाखाली कानांच्या मुळाशी तडा शोधा. स्क्रूची खाच अरुंद असते. साधा जाड पेचकस लावला की ती फाटते. पातं दगडावर घासून खाचेत बसतं करून घ्या.

मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि केसचं बूड यांमधली मोकळी जागा. नवीन रिकाम्या केसच्या बुडाला सेलोटेपचा गोल तुकडा चिकटवा (एक थर साधारण ०.०५ मिमी). फायरिंग पिन काढून बोल्ट बोटाच्या जोराने बंद करून बघा. दोन-तीन थरांवर अडला तर ठीक. पाच थर घालूनही सहज बंद होत असेल तर आधी गनस्मिथकडे जा.

तिसरं, स्लगिंग, म्हणजे नळीतून शिसं काढून तिचा आतला व्यास मोजणं. हे केल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. मऊ शिशाची ९ मिमीची गोळी घ्या, गळाला लावायचं शिसं चालतं. नळीत तेल फिरवा आणि ती गोळी तोंडाकडून लाकडी दांडक्याने ठोकत आरपार काढा. लेबेलला चार खाचा आहेत, म्हणजे समोरासमोर येतात, मोजायला सोपं. व्हर्नियर नको, मायक्रोमीटर लावा.

ठासणीवाला
मॅगझिनबद्दल. मॅगझिनच्या नळीत काडतुसं एकामागे एक असतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं. लेबेलची केस चांगलीच निमुळती असल्याने काडतूस नळीत किंचित नाक खाली करून पडतं आणि टोक प्रायमरवर (बुडाच्या मध्यावरची, ठोक्याने पेटणारी टोपी) न येता बाजूला येतं. सैन्याच्या केसच्या बुडाला प्रायमरभोवती गोल खाच कोरलेली असे ती यासाठीच, टोक त्या खाचेत अडकतं. आजची बरीच पितळी बुडं सपाट असतात. सपाट बूड, टोकदार गोळी आणि रिकॉइलचा धक्का, एवढं एकत्र आलं की नळीतच बार उडू शकतो, आणि ती नळी तुमच्या डाव्या पंजात असते.

तेव्हा नियम असा: बुडाला खाच नाही, तर एकेकच. उजवीकडे मॅगझिनमधून काडतूस येणं बंद करायचा खटका आहे, तो लावा आणि काडतूस हाताने चेंबरमध्ये द्या. चपट्या नाकाच्या शिशाच्या गोळ्या असतील तर टोकाचा धोका कमी होतो, पण मग लांबी सांभाळावी लागते. काडतूस ७५ मिमीच्या पुढे गेलं की उचलणाऱ्या पाळण्यात अडकतं. फारच आखूड झालं तर नळीतल्या पुढच्या काडतुसाचं बूडही पाळण्यात डोकावतं आणि पाळणा तिथेच रुततो.

आणि हो, लेबेलला सेफ्टी नाही. विसरलं आहे असं नाही, ठेवलेलीच नाही. चेंबर भरून रायफल हातात घेऊन फिरू नये.

ओहायोकर
दोघांचे आभार. सेलोटेपचे तीन थर, चौथ्याला अडला. कान ठीक दिसतात. स्लग ०.३२८ इंच आला, चार वेळा मोजला.

बोल्टवाला
०.३२८ म्हणजे लेबेलसाठी नेहमीचंच, घाबरू नका. पण दुकानातली ८ मिमीची साधी जॅकेट (धातूचं आवरण असलेली) गोळी ०.३२३ असते. पाच थाउ (इंचाचा हजारावा भाग) ढिली. खाचांत भरत नाही, कडेने गॅस निसटतो, आणि गोळी लक्ष्याच्या कागदावर आडवी पडून भोक लांबट दिसतं. पाठीमागे निमुळती गोळी यात आणखी वाईट, कारण मागून दाब आला तरी फुगून बसत नाही. सपाट बुडाची घेतली तर थोडी बरी. तयार काडतुसं घेताना आधी गोळीचा व्यास मोजा, मगच पेटी घ्या.

तुमच्या नळीला खरं तर ओतीव शिसं शोभेल. खाचेपेक्षा दोन थाउ मोठी, म्हणजे ०.३३० साइज करा, बुडाला गॅस-चेक (धातूची छोटी वाटी) लावा, वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आतच ठेवा. एवढी जाड गोळी भरल्यावर मान जाड होते, आणि इथेच तुमचा 'एन' शिक्का कामाला येतो: जागा आहे. बिनशिक्क्याच्या रायफलीत हाच खेळ केला तर मान आतून खरवडून पातळ करावी लागते. तरीही पहिलं भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालून बघा. बोटाने जायला हवं आणि उलटं धरल्यावर आपोआप पडायला हवं. अडलं तर तो बार उडवायचा नाही.

दारूचं वजन मी इथे लिहिणार नाही. लेबेलसाठी छापलेल्या तक्त्यातलं सर्वात कमी घ्या, वर जायचं तर हळूहळू. केस .३४८ विंचेस्टरच्या पितळापासूनही बनवतात, पण बूड थोडं जाड आणि कडा कमी रुंद असते, त्यामुळे लेथशिवाय जमत नाही. तयार लेबेल केस घ्या, त्रास वाचेल.

ऐसपैस चेंबरमध्ये दोन-तीन फेऱ्यांनंतर बुडापासून बोटभर वर एक चकचकीत पट्टा दिसू लागतो. पेपरक्लिपचं टोक थोडं वाकवून केसच्या आत खालपासून वर ओढा. टोक एखाद्या खळग्यात अडलं तर भिंत पातळ झाली आहे, केस फेकून द्या. म्हणूनच साइझिंग डाय (उडवलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) पूर्ण खाली चालवू नका. फक्त मान आणि खांदा बसेल एवढंच.

नेमका_नेम
नेम वर जाईल, त्याची तयारी ठेवा. मागच्या साइटची पट्टी पूर्ण पुढे झोपवली की ती २५० मीटरसाठी असते, आणि पायऱ्या ४०० पासून ८०० पर्यंत. १०० मीटरवर लष्करी काडतुसाची गोळी साधारण २० सेंमी वर लागते. सावकाश शिशाच्या गोळीला हा आकडा वेगळा येईल, तो कागदावर बघून ठरवा. पुढच्या साइटला कानस लावू नका, कारण कापली तर गोळी आणखी वर जाते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही खाली. तिच्यावर उष्णतेने आकसणाऱ्या नळीचा छोटा तुकडा चढवा. उंच साइट म्हणजे गोळी खाली. घरी नेताना काढून टाकता येतो.

मुळशीकर
भारतात वारशाने अशी जुनी फ्रेंच रायफल आली तर? परवान्याची गरज नाही असं ऐकतो.

ठासणीवाला
अर्धवट ऐकलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५(सी) जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतं, पण अट अशी की दुरुस्त करून वा न करता, ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. चालती लेबेल त्यात बसत नाही. आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, मगच ट्रंक उघडा.

नेमका_नेम
ओहायोकर, मजाच हवी असेल तर १८७४ ची ग्रा एकदा बघा. ११ मिमीची, २५ ग्रॅमची गोळी, सव्वापाच ग्रॅम काळी दारू. बोल्ट बंद होतो तो हँडलच्या मुळावर, पुढे कान नाहीत, त्यामुळे तिच्यात बिनधुराची दारू कधीच नाही. एकेकच काडतूस जातं, म्हणजे मॅगझिनच्या नळीची भीती नाही.

ओहायोकर
ग्रा पुढच्या वर्षी. जुनी लष्करी 'बाल डी' काडतुसं कोणी देऊ करतंय, उडवू का?

बोल्टवाला
उडवू नका, संग्रहात ठेवा, तीही मोलाची आहेत. शंभरीच्या आसपासच्या प्रायमरने बार उशिरा निघतो किंवा फुसका जातो. कधी चाप ओढूनही बार निघाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अख्खा मिनिटभर थांबा, मग बोल्ट उघडा. जुन्या प्रायमरचे क्षार नळीत राहतात, आणि तेल त्यांना विरघळवत नाही. तसं काही उडवलंच तर त्याच दिवशी आधी कडकडीत गरम पाणी ओता, नळी पूर्ण कोरडी करा आणि शेवटी तेल लावा. बोल्ट-हेडचा पुढचा चेहराही धुवायचा, तिथे गंज आधी चढतो.