तुमच्या गावचा अस्सल फेकाड्या : खान्देशातले अनुभव येऊ द्या

चोपडेकर

आधीच सांगतो, निवडणुकीत फेकणारे नकोत, स्थळं जुळवणारे नकोत, प्लॉट विकणारे तर बिलकुल नकोत. ते पोटासाठी फेकतात. मला हवेत ते निव्वळ हौशी, ज्यांना फेकून कपभर चहासुद्धा मिळत नाही, उलट ऐकणारे उठून जाऊ नयेत म्हणून स्वतःच पाजावा लागतो.

सुरुवात मी करतो. आमच्या गल्लीत एक आबा होते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, त्यामुळं अस्वल, बिबट्या हा माल घरचाच. चैत्रात मोहाची फुलं गळतात आणि अस्वलं ती खायला येतात, इथवर सगळं खरं. आबा मोहाखाली झोपलेले, रात्री अस्वल आलं, पोटभर फुलं खाऊन टाइट झालं आणि आबांच्या शेजारीच आडवं झालं. पहाटे गारठा सुटला म्हणून आबांनी झोपेतच हात लांब करून गोधडी अंगावर ओढली. उजाडल्यावर बघतात तर गोधडी घोरतेय! मग काय झालं आबा? "काय होणार, त्याचंही डोकं दुखत होतं. दोघं नाल्यावर गेलो तोंड धुवायला."

हसायचे नाहीत हां अजिबात. आणि साक्षीदार विचारला की तो एकतर वारलेला असायचा नाहीतर सुरतला कामाला गेलेला.

केळीवाला, रावेर

सुरतेचं नाव काढलंत म्हणून आमच्या आजोबांच्या चुलतभावाची सांगतो, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लांबण लागेल पण पूर्ण वाचा.

१९६८ ला तापीला महापूर आला होता. तात्यांचा मळा एकदम काठाला, केळीचा बाग कापणीला आलेला. तात्या बाग बघायला गेले आणि बागेसकट वाहायला लागले. हाताशी काय आलं तर केळीचं खोड, घडासकट. बसले त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखे आणि निघाले पश्चिमेला. घड हिरवागार होता, त्यामुळं भुसावळपर्यंत उपाशी. पुढं ऊन पडलं, माल रंग धरायला लागला, आणि प्रकाशाला पोचेपर्यंत घड पिकून तयार. तिथं संगमावर हात जोडले, दोन केळी खाल्ली, काठावरच्या लोकांना चार फेकली, कारण फुकट कोणाकडून काही घ्यायचं नाही आणि कोणाला उपाशी ठेवायचं नाही हा त्यांचा बाणा. सुरतला उतरले, उरलेला घड मार्केटात विकला, भाव पण सांगायचे, तिथल्या व्यापाऱ्यानं वजनात कसं मारलं तेही सांगायचे (या व्यापाऱ्यावर त्यांचा शेवटपर्यंत राग होता!) आणि त्या पैशात भुसावळच्या गाडीनं घरी परत.

आता मी नववीत असताना भूगोल नवीनच कळायला लागला होता, म्हणून चारचौघात विचारलं, तात्या, मधे उकाई धरण लागतं ना, ते कसं ओलांडलं? मला वाटलं सापडले. तात्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "अडुसष्ट साली उकाई कुठं पूर्ण झालं होतं रे? शाळेत काय शिकवतात तुले?" घरी येऊन बघितलं तर धरण खरंच १९७२ ला पूर्ण झालंय. वाटेतलं हतनूर धरण पण नंतरचंच. म्हणजे बघा, पूर खरा, धरण नव्हतं हे खरं, सुरतची गाडी खरी, व्यापारी वजनात मारतो हे तर त्रिकालाबाधित सत्य. खोटं एवढंच की तात्या त्या दिवशी घरी होते. आजीनं सांगितलं, माळ्यावर बसून रडत होते.

भुसावळची, सध्या पुणे

तात्यांना दंडवत 🙏

आमच्याकडं उन्हाचा विषय. भुसावळला मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला तर कोणी मान वर करून बघत नाही, त्यामुळं नुसतं "ऊन फार" म्हणून भागत नाही, वर काहीतरी घालावंच लागतं. आमचे एक शेजारी रेल्वेत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या आईनं गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले आणि तासाभरानं बघायला गेली तर तळून तयार, फुललेले. मी म्हटलं काका, तेल? काका शांतपणे, "खाली तेलाची घाणी होती ना. वाफ वर यायची."

शहादेकर

वाफ 😂😂 घाणीची वाफ!!

आमच्याकडचा नमुना घोड्याचा. सारंगखेड्याला दत्त जयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लांबलांबून लोक बघायला येतात. आमचे मामा दरवर्षी जाणार, दरवर्षी पंचवीस घोड्यांचे दात बघणार आणि घोंगडं घेऊन परत येणार. एकदा म्हणे एका मारवाडी घोड्यावर चाल बघायला बसले, नुसती टाच लावली आणि डोळे उघडले तर दोंडाईचा. पैसे दिलेले नाहीत, घोडेवाला तिकडं बोंबलतोय. बरं तेवढ्यावर थांबले असते तर मामा कसले. म्हणे दोंडाईच्यात चहा घेताना लक्षात आलं की ऊन असून आपल्याला सावलीच नाही. ती सारंगखेड्यालाच राहिली होती.

"मग मामा?"

"मग काय. आली संध्याकाळच्या एसटीनं."

अमळनेरची लेक

सगळे पुरुषच कसे काय? आमची आजी कोणाला ऐकली नसती. तिचा प्रांत खापरावरचे मांडे. ज्यांनी बघितलेत त्यांना माहितीय, हातावर वाढवत वाढवत नेतात आणि उपड्या खापरावर टाकतात, हात कोपरापर्यंत भाजतात. आजीच्या मते हल्लीच्या बायका करतात ते मांडे नव्हेतच, रुमाल आहेत. तिनं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकदा मांडा एवढा वाढवला की दारातून वारं आलं आणि तो हातातून सुटला. गेला वर. अख्खी गल्ली खालून पळतेय, कुत्री भुंकतायत, मांडा चाललाय पारोळ्याच्या दिशेनं. तिकडं एक घर पंगतीला बसलेलं, रस वाढून झालेला, पोळ्या संपल्या म्हणून यजमानीण रडकुंडीला आलेली, आणि हा अलगद पानांवर पसरला, सगळ्यांना पुरला!

हे ती जावांसमोर सांगायची आणि एकही जाऊ "काहीतरीच काय" म्हणायची नाही. उलट धाकटी विचारायची, "पुरण सांडलं नाही का हो?" आजी म्हणायची, "माझ्या मांड्याचं?"

मला विचाराल तर धाकटी जास्त हुशार. असा एक प्रश्न विचारणारं माणूस नसेल तर फेकाड्याची मजल पुढं जातच नाही.

वाचनमात्र, जळगाव

सहसा लिहीत नाही पण राहवलं नाही. या जमातीचा जगप्रसिद्ध पुरुष जर्मनीतला, बॅरन मुंखहाउझेन. खरा माणूस, जन्म १७२०, मृत्यू १७९७. रशियाच्या सैन्यात होता, तुर्कांशी लढला, मग आपल्या गावी बोडेनवेर्डरला येऊन पाहुण्यांना जेवणानंतर शिकारीच्या आणि लढाईच्या गोष्टी ऐकवायचा. रास्पे नावाच्या माणसानं १७८५ मध्ये लंडनला त्याच्या नावावर तसल्या गोष्टी छापल्या, त्याला न विचारता, आणि स्वतःचं नाव न टाकता. तोफगोळ्यावर बसून शत्रूच्या किल्ल्याकडं निघाला, अर्ध्या वाटेत विचार बदलला म्हणून समोरून येणाऱ्या गोळ्यावर उडी मारून परत आला, दलदलीत रुतला तेव्हा स्वतःचेच केस धरून स्वतःला घोड्यासकट वर ओढलं, असल्या त्याच्या नावावर खपलेल्या गोष्टी. बर्फात एका खुंटाला घोडा बांधून झोपला आणि सकाळी बर्फ वितळल्यावर कळलं की खुंट म्हणजे चर्चचं टोक होतं, घोडा वर लोंबतोय.

जगभर नाव झालं पण बॅरन स्वतः जाम वैतागला होता म्हणे, लोक त्याला लबाडांचा राजा म्हणायला लागले. मला त्याचं पटतं. पारावरची फेक पारावरच बरी, छापली की तिला पुरावा मागतात.

शहादेकर

तोफगोळा ठीक आहे पण परत येताना चहा नाही घेतला? त्याले म्हणा आमना मामाकडे ये, चार दिवस ऱ्हाय, शिकी जाशी.

जामनेरी

पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आपली पीजे, आता बंद पडलीय. तिच्यावर निम्म्या तालुक्याच्या फेका जगल्या. आमचे नाना सांगायचे, एकदा चढावर इंजिन बसलं, तर नानांनी शेतातली बैलजोडी जुंपून गाडी जामनेरपर्यंत ओढत नेली आणि दहा मिनिटं लवकर पोचवली. स्टेशनावर बैलांना विदाउट तिकीट म्हणून धरलं, ते वेगळंच प्रकरण.

धुळेकर

आमच्या गल्लीत दोन फेकाडे एकाच ओट्यावर, त्यामुळं साक्षीदाराचा प्रश्नच नाही. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं "मी होतो ना तिथं" म्हणायचं, दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं. मग बांधावरून दोघांचं फाटलं. तरी पहिल्यानं संध्याकाळी नेहमीप्रमाणं सुरू केलं, लळिंगच्या किल्ल्यावर बिबट्या आला, मी त्याची शेपटी धरली, गरगर फिरवला. ओटा चिडीचूप, सगळे दुसऱ्याकडं बघतायत.

तो म्हणाला, "साफ खोटं."

पहिल्याचं तोंड उतरलं. आम्हालाच वाईट वाटलं, एकजण तर दुसऱ्यावर खेकसला पण, एवढं काय रे मनात ठेवायचं.

"खोटंच आहे," तो परत म्हणाला, "बिबटे दोन होते. दुसऱ्याची शेपटी माझ्या हातात होती."