मदत हवी आहे: प्लॉटरचा अलार्म बोटीवर कुणालाच ऐकू येत नाही, बाहेर मोठा हॉर्न कसा जोडू?

नमस्कार मंडळी. हर्णै बंदरात आमची १४ मीटरची गिलनेटची बोट आहे. बाबा स्वतः तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, बरोबर पाच खलाशी. केबिनमध्ये प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन), त्यातच मासे आणि खोली दाखवणारा फिशफाइंडर, आणि शेजारी एआयएसचा डबा (आजूबाजूच्या जहाजांची जागा रेडिओवरून घेणारा आणि आपली कळवणारा) जोडलेला आहे. वायरिंग १२ व्होल्टचं.

मार्चमध्ये रात्री जाळी सोडून बोट वाहत होती. दिव्यांसाठी इंजिन मंद चालू होतं. पहाटे तीनच्या सुमारास एक मालवाहू जहाज अर्ध्या मैलावरून गेलं. त्याच्या लाटेने बोट हेलकावली, तेव्हा बाबा उठले. स्क्रीनवर धोक्याची लाल चौकट होती आणि वेळ बारा मिनिटं आधीची! यंत्राने सांगायचं ते सांगितलं होतं, पण आतला बीप जेमतेम मोबाइलएवढा. पहाऱ्यावरचा पोरगा मागे जाळ्याच्या दोरापाशी होता, त्याला इंजिनच्या घरघरीत काय ऐकू येणार?

तेव्हापासून बाबा केबिनच्या दारातच आडवे होतात आणि दर पाव तासाने उठून स्क्रीन बघतात. साठीला आलेत. हे मला बघवत नाही.

प्लॉटरच्या केबलमध्ये अलार्मची एक सुटी वायर आहे, टोक टेपने गुंडाळलेलं. मी १२ व्होल्टचा हॉर्न आणला, त्याचा प्लस या वायरीला आणि मायनस बॅटरीला दिला. काही वाजलं नाही. मीटर लावला, तर अलार्म चालू असतानाही त्या वायरीवर शून्य. दुकानदार म्हणतो यंत्र खराब आहे, नवीन घ्या. खरंच खराब आहे का? पावसाळ्याची मासेमारीबंदी चालू आहे, बोट शाकारून वर घेतली आहे, तोवर काम उरकायचं आहे.

प्रतिसाद:

दादा, थांबा, नवीन यंत्र घेऊ नका. बहुतेक प्लॉटरांची ही वायर व्होल्ट देत नाही. अलार्म आला की ती आतून मायनसला जोडली जाते, म्हणून तुम्हाला शून्य दिसलं. तिला मायनस समजूनच जोडणी करायची.

पण हॉर्न थेट लावू नका. ही वायर फार थोडा करंट सोसते, हॉर्न कित्येक अँपिअर ओढतो, आतलं सर्किट जळेल. मध्ये गाडीचा चार पिनांचा रिले घाला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. पुढचे आकडे त्याच्या पिनांचे आहेत. ८६ ला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, ८५ ला अलार्मची वायर. ३० ला दुसऱ्या फ्यूजमधून प्लस, ८७ वरून हॉर्नचा प्लस, आणि हॉर्नचा मायनस सरळ बॅटरीला. ८५-८६ वर १एन ४००७ डायोड लावा, पट्टीचं टोक प्लसकडे. तो विसरलात तर रिले सुटताना बसणारा झटका प्लॉटरला जातो. गाडीच्या रिलेची कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते. मॅन्युअलमध्ये वायरीची मर्यादा त्याहून कमी दिली असेल तर लहान कॉइलचा रिले घ्या. आणि मेनूत बाहेरचा बझर चालू करायचा राहिला असेल तर सगळी जोडणी फुकट.

एआयएसच्या अलार्मचं अंतर किती ठेवलंय? पंधरा नॉटचं (तासाला पंधरा सागरी मैल) जहाज चार मिनिटांत एक मैल कापतं. एक मैल आणि वीस मिनिटं ठेवा, म्हणजे येत्या वीस मिनिटांत एक मैलाच्या आतून जाणार असेल तर अलार्म; मग आपल्याकडे येणारं असं जहाज पाच मैलांवर असतानाच हॉर्न वाजेल. हळू चालणाऱ्या बोटी वगळायची सोय असेल तर तीन नॉटखालच्या वगळा. नाहीतर आजूबाजूच्या होड्यांमुळे रात्रभर वाजत राहील आणि कंटाळून कुणीतरी वायर उपटेल. जहाज आपल्याला बघेल या भरवशावर मात्र राहू नका. साधा बी वर्गाचा डबा असेल, तर बोट दोन नॉटखाली वाहत असताना तो तीन मिनिटांतून एकदाच आपली जागा कळवतो.

दुसरा प्रतिसाद:

नांगराचा अलार्मही (बोट ठरवलेल्या वर्तुळाबाहेर सरकली की वाजणारा) याच हॉर्नवर येईल. तो नांगर तळाला लागतो त्याच क्षणी लावा. चाळीस मीटर दोर सोडून मग लावलात, तर भरती फिरल्यावर बोट पलीकडे ऐंशी मीटर जाते आणि नांगर जागचा हलला नसतानाही अलार्म वाजतो. वर्तुळ दोर अधिक बोटीची लांबी, वर दहा मीटर जीपीएसच्या चुकीसाठी.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. मॅन्युअल बघितलं, वायरीची मर्यादा शंभर मिलिअँपिअर निघाली, म्हणून लहान कॉइलचा रिले घेतला. तपासायला मेनूतून सिम्युलेटर चालू केला आणि उथळ पाण्याचा अलार्म ५० मीटरवर ठेवला. बाबांना मागे दोराच्या गुंडाळीवर बसवलं आणि शेजारच्या बोटीचं इंजिन चालू करायला लावलं. हॉर्न वाजला तसे बाबा दचकून उभेच राहिले. मग म्हणाले, "आणखी एकदा लाव."

आता एकच विचारायचं आहे: हॉर्न केबिनच्या टपावर मागे तोंड करून बसवलाय. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून तोंड थोडं खाली झुकवलं तर आवाज किती कमी होईल? कुणी असं बसवलं असेल तर सांगा.