'स्वभावच तसा आहे त्याचा' : लहानपणच्या बुलिंगचे अनुभव

"मुलं चिडवतातच, त्यात काय एवढं" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मला विचारायचंय ते पुढचं. शाळा सुटली, ती पोरं कुठच्या कुठं गेली, पण तुमच्यात काय राहिलं? कारण मला हल्ली दाट शंका येते की आपण ज्याला 'स्वभाव' म्हणतो, अबोल आहे, संशयी आहे, तापट आहे, त्यातलं बरंचसं त्या वयात जीव वाचवायला शिकलेलं असतं आणि मग ते अंगाला चिकटून राहतं.

एक मात्र आधीच सांगते. दोन मित्र बरोबरीनं एकमेकांची उडवतात ते यात धरू नका. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी १९७० च्या दशकात स्कॅन्डिनेव्हियात या विषयाचा अभ्यास सुरू केला, त्यांच्या खुणा अजूनही वापरतात : त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हापुन्हा दिलेला, आणि देणाऱ्याचं पारडं जड. असं काही घडलं असेल तर लिहा, मोकळेपणानं.

पानगळ
मी लिहिते. मी अडखळत बोलायचे. मोठ्यानं धडा वाचायची पाळी आली की मागच्या बाकावरून नक्कल सुरू, बाई ओरडायच्या पण त्याआधी त्यांनाही हसू आलेलं असायचं, ते मला दिसायचं. मग मी परिच्छेद मोजून ठेवायला लागले, माझा यायच्या आधी पाणी प्यायला बाहेर. उत्तर येत असलं तरी हात वर नाही. प्रगतिपुस्तकात शेरा 'अभ्यासू पण अबोल', घरचे खूश! अडखळणं पुढे बरंच कमी झालं, सवय गेली नाही. आजही मीटिंगमध्ये मी आख्खं वाक्य मनात जुळवत बसते, तोवर विषय पुढे गेलेला असतो, आणि तोच मुद्दा दुसरं कुणीतरी मांडून मोकळं होतं. एक फायदा झाला म्हणा, अडणारे शब्द टाळता टाळता प्रत्येकाला दोन-तीन पर्यायी शब्द तोंडपाठ झाले :)

धाकटा
माझा अनुभव जरा आडवा आहे. त्रास दादाला व्हायचा, शाळेत. दप्तर फेकणं, डबा सांडणं, बाथरूममध्ये कोंडून ठेवणं. घरी कुणाला पत्ता नाही. घरी फक्त एवढंच दिसायचं की हा आल्या आल्या मला बदडतो. त्याला 'भांडखोर' हे लेबल लागलं, वर आईबाबांचा मारही, म्हणजे दोन्हीकडून. त्यानं हे सगळं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं नोकरीला लागलेलो. जी मुलं मार खातातही आणि पुढे देतातही त्यांची मानसिक अवस्था मोठेपणी सगळ्यात वाईट आढळते असं नंतर वाचलं, आणि दादाकडे बघून ते पटतं. माझ्यात काय राहिलं? दार कसं उघडलं यावरून आज काय होणार हे मला कळायचं. आता साहेबांच्या पावलांवरून कळतं. लोकांना वाटतं मी फार समजूतदार आहे.

सडेतोड
मी वेगळं लिहितो, राग मानू नका. मी जाड होतो, टोपणनावं विचारूच नका. त्यातूनच पेटलो, व्यायाम केला, आज कुणाला घाबरत नाही. आजकाल मुलांना फारच जपतात.

पानगळ
सडेतोड, तुम्ही उभे राहिलात याचा आनंदच आहे, पण सगळ्यांचं तसं होत नाही हो. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केलाय. ७ आणि ११ वर्षांची असताना ज्यांना त्रास झाला होता त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य, चिंता जास्त सापडली. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. ते २०१४ साली छापून आलंय. तुमच्या बाजूनं तेव्हा कुणी होतं का?

सडेतोड
मामा होता. रोज सकाळी पळायला न्यायचा, वजनाबद्दल चकार शब्द नाही. हां, हे खरंय की तो नसता तर माहीत नाही. आणि आता विषय निघालाच आहे तर, जेवताना कुणी माझ्या ताटाकडे बघितलं की अजून घास अडकतो. बायकोलाही हे सांगितलेलं नाही.

खडूफळा
शिक्षिका आहे म्हणून थोडं लांब लिहिते. त्रास होणारं मूल वर्गात बसलेलं असतं पण त्याचं सगळं लक्ष मधल्या सुट्टीत कुठं उभं राहायचं यात असतं, मग मार्क घसरतात आणि आपण म्हणतो अभ्यासात मन नाही. पोटदुखी, डोकेदुखी सुट्टीच्या दिवशी गायब होते, ते नाटक नसतं, खरंच दुखतं. आणि दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" हे कृपा करून कुणी करू नका, त्याची वसुली पुढच्या सुट्टीत होते. मला स्वतःला त्रास चालू असताना नुसतं बघणाऱ्या मुलांवर काम करून जास्त फरक दिसला. फिनलंडमधल्या शाळांचा 'किवा' हा बुलिंग थांबवण्याचा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे, हसणारे हसायचे थांबले की दादागिरीतली मजाच जाते.

अनामिक आई
माझ्या मुलीला कुणी हात लावला नाही, शिवी नाही. वर्गातल्या मुलींनी तिला वगळून वेगळा ग्रुप केला आणि त्यात तिच्या चित्रांचे फोटो टाकून हसल्या, एकीनं तिला ते मुद्दाम दाखवलं. तिनं चित्रं काढणं बंद केलंय. आता कुणी आपणहून बोलायला आलं तरी म्हणते यात काहीतरी डाव असेल. शाळा म्हणते मुलींमध्ये असं चालतंच. शाळा बदलू का?

खडूफळा
लगेच नको, आणि तिला न विचारता तर नकोच, नाहीतर शिक्षा आपल्यालाच झाली असं वाटेल. जे झालं ते तारखेसकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट मिळाले तर जपा, वर्गशिक्षकांना तोंडी नाही, लेखी द्या. त्या मुलींच्या आयांना थेट फोन करू नका, बहुतेक वेळा चिघळतं. तिचा फोनही काढून घेऊ नका, पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. वर्गाबाहेर तिची एखादी मैत्रीण असेल तर तिला घरी बोलवा, एकच पुरते. लेखी दिल्यावर शाळा काय म्हणते ते इथे लिहा, त्यावरून पुढचं बोलू.