शब्दचर्चा: ‘केप रेशो’ला मराठीत काय म्हणावं?

गुंतवणुकीवरच्या एका छोट्या पुस्तिकेचं मराठी करतेय आणि गेले तीन दिवस एकाच ओळीवर अडकलेय. शेअर बाजारात ज्याला ‘केप रेशो’ किंवा ‘शिलर पी/ई’ म्हणतात, ते माप. पूर्ण नाव ‘सायक्लिकली अ‍ॅडजस्टेड प्राइस टू अर्निंग्ज रेशो’. आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘चक्रीय समायोजित किंमत-मिळकत गुणोत्तर’ असं लिहून ठेवलंय. व्याकरणाची चूक नाही, पण डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. आईला वाचून दाखवलं. ती पस्तीस वर्षं बँकेत होती, आकड्यांना बिचकणारी नाही. तिने विचारलं, “चक्रवाढ व्याजाचं काही आहे का?”

मला समजलेला अर्थ सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. साधा पी/ई म्हणजे शेअरचा आजचा भाव भागिले एका शेअरच्या वाट्याला आलेला गेल्या वर्षभराचा नफा. पण एका वर्षाचा नफा तेजीत फुगलेला असतो, मंदीत आटलेला असतो. म्हणून जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली दीर्घ मुदतीच्या सरासरी नफ्याशी भाव ताडून पाहिला. मागच्या दहा वर्षांचा नफा घ्यायचा, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईच्या हिशेबाने आजच्या पैशात आणायचा, मग सरासरी काढायची, आणि आजचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहे ते बघायचं. शिलर यांना २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तर ‘चक्रीय’, ‘समायोजित’ आणि ‘मिळकत’ या तिन्ही शब्दांवर मला तुमचं मत हवंय.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी ‘मिळकत’ काढा. मी पुण्यात राहतो. इथे मिळकत म्हणजे घर, फ्लॅट, जागा. महापालिकेचं बिल येतं तेच मुळी ‘मिळकतकर’ म्हणून. ‘किंमत-मिळकत गुणोत्तर’ वाचून माणूस जागेचा रेडी रेकनर शोधायला लागेल.

‘उत्पन्न’ही नको. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढतो ते उत्पन्न वेगळं, आणि कंपनीच्या हिशेबात उत्पन्न म्हणजे खर्च वजा होण्याआधीची जमा. इथे हवा आहे तो सगळे खर्च, व्याज, कर गेल्यावर उरलेला पैसा. त्याला मराठीत एकच सरळ शब्द आहे: नफा. हवं तर पहिल्यांदा ‘निव्वळ नफा’ म्हणा, पुढे नुसता नफा.

आणि ‘गुणोत्तर’ पुस्तकापुरतं ठीक. बाजारात बसलेला माणूस “भाव नफ्याच्या वीस पट चाललाय” असं म्हणतो. ‘पट’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे, तो वापरा. छोटं उदाहरण देतो. शेअरचा भाव ३०० रुपये, गेल्या वर्षीचा नफा शेअरमागे ३० रुपये. म्हणजे दहा पट, स्वस्त वाटतो. पण ते वर्ष भरभराटीचं होतं, आणि दहा वर्षांची सरासरी आजच्या पैशात १५ रुपयेच निघाली. म्हणजे तोच शेअर वीस पटीला आहे. ही दोन वाक्यं पुस्तिकेत घातलीत तर व्याख्येची निम्मी गरज संपते.

उलट बाजूही दाखवा, कारण ती जास्त चकवते. २००८च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या कंपन्यांचा एकत्र हिशेब चक्क तोट्यात गेला. वर्षाचा नफा इतका आटला की २००९मध्ये साधा पी/ई शंभराच्या पुढे गेला. ९ मार्च २००९ला निर्देशांक ६७६वर बंद झाला होता, लोक मिळेल त्या भावाला विकत होते, आणि साधा पी/ई मात्र सांगत होता की बाजार कधी नव्हे इतका महाग आहे. त्याच काळात शिलर यांचं माप १३च्या आसपास होतं. छेद आटला की भागाकार फुगतो, इतकंच ते होतं.

प्रतिसाद

मी देवगडचा. शेअरमधलं फार कळत नाही, पण ताईंनी लिहिलेला हिशेब आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून चालू आहे.

हापूसचं झाड एक वर्ष लागतं, दुसऱ्या वर्षी रुसतं. त्यामुळे बाग कुणी खंडाने मागायला आला आणि नुसतं “गेल्या साली किती पेट्या निघाल्या?” एवढंच विचारलं, तर समजायचं की याला बागेतलं कळत नाही. जाणता माणूस वही मागतो. आमच्या आजोबांची लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. दर सालाला एक पान. डावीकडे पेट्या, मधे पेटीला मिळालेला दर, उजवीकडे रक्कम. ज्या साली मोहोर काळा पडला त्या पानावर पेट्यांच्या जागी इतका लहान आकडा आहे की शेजारी आजोबांनी ‘थ्रिप्स’ (मोहोरावरची बारीक कीड) असं कारण लिहून ठेवलंय. ते पान कुणी फाडलं नाही. सरासरीत ते पानही धरायचं.

आता तुमच्या ‘समायोजित’बद्दल. डावीकडच्या रकान्याची सरासरी सरळ काढता येते. पेटी ती पेटी. उजवीकडच्या रकान्याची तशी काढता येत नाही, कारण आजोबांच्या वेळचा रुपया आणि आजचा रुपया एक नाही. तो रकाना आधी आजच्या रुपयांत मांडावा लागतो. कंपनीच्या वहीत पेट्यांचा रकानाच नसतो, नुसता रुपयांचा असतो, म्हणून ही वाढीव मेहनत. मला तरी ‘समायोजित’ या शब्दाने काही बोध झाला नाही, ‘आजच्या पैशात’ म्हटल्यावर लगेच झाला.

प्रतिसाद

देवगडच्या दादांनी नेमकी जागा दाखवली. मी सीए आहे, त्यात भर घालतो.

‘महागाई वजा जाता’ असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. व्याजदराबद्दल ते चालतं: ठेवीवर सात टक्के, महागाई पाच टक्के, हातात दोन. पण जुन्या रकमेतून महागाई वजा होत नाही. जुनी रक्कम निर्देशांकाच्या प्रमाणात वर चढवायची असते. जुनं घर विकलेल्या लोकांना हे ‘इंडेक्सेशन’ म्हणून माहीत आहे. आयकराच्या त्या तक्त्यात २०१३-१४चा आकडा २२० आहे आणि २०२३-२४चा ३४८. म्हणजे तेव्हाचे १०० रुपये दहा वर्षांनी साधारण १५८ रुपये धरायचे. (हा तक्ता किरकोळ महागाईची पूर्ण वाढ धरत नाही, तिचा पाऊण हिस्साच धरतो. केपसाठी पूर्ण ग्राहक किंमत निर्देशांक घ्यावा लागतो. इथे फक्त कल्पना यावी म्हणून आकडे दिले.)

यात क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक वर्षाचा नफा आजच्या पैशात आणायचा आणि मग सरासरी. ‘चलनवाढ-समायोजित सरासरी नफा’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, सरासरी काढून झाल्यावर तिच्यात काहीतरी फेरफार केला. मराठीत हा क्रम शब्दांच्या जागेवरून दाखवता येतो: ‘आजच्या पैशात आणलेल्या दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी’. लांब आहे, पण बरोबर आहे.

‘चलनवाढ’ की ‘महागाई’? चलनवाढ शब्दशः कारण सांगते आणि महागाई परिणाम. इथे आपल्याला परिणामाशी काम आहे. महागाई भत्ता सगळ्यांना कळतो, तोच शब्द धरा.

एकाच कंपनीचा हिशेब करणार असाल तर बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे केलेले भाग) विसरू नका. एका शेअरचे दहा झाले असतील तर जुना शेअरमागचा नफाही दहाने भागायला हवा, नाहीतर सरासरी निरर्थक. आणि नफा कुठला, हेही एकदा लिहून टाका. निफ्टीचा पी/ई मार्च २०२१च्या अखेरीपर्यंत कंपन्यांच्या एकट्याच्या नफ्यावर काढत, मग उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढू लागले. भाव तेच असताना आकडा चाळिशीतून तेहतिशीपर्यंत खाली आला.

प्रतिसाद

लातूरकडचा आहे. सोयाबीनच्या विम्यात ‘उंबरठा उत्पादन’ असतं (पीक त्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते), ते याच्या जवळचं वाटलं. पंतप्रधान पीक विमा योजनेत मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढतात आणि जोखीमस्तराच्या टक्क्याने गुणतात. फरक एवढाच, की तिथे दोन वाईट वर्षं गाळतात. शिलर गाळत नाहीत ना?

प्रतिसाद

नाही गाळत, आणि तोच त्या मापाचा कणा आहे. काहीजण आक्षेपही तिथेच घेतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टनमधले जेरेमी सीगल यांचं म्हणणं असं, की अमेरिकेत हिशेबाचे नियम मधे बदलले. मालमत्तेची किंमत घसरली की ती घट लगेच तोट्यात दाखवावी लागते, पण किंमत वाढली तर विकल्याशिवाय नफा दिसत नाही. मग २००८सारखं एक वर्ष पुढची दहा वर्षं सरासरी खाली ओढून धरतं आणि बाजार आहे त्यापेक्षा महाग दिसतो. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. पण त्यावरचा उपाय म्हणून वाईट वर्षंच काढून टाकणं मला पटत नाही. आजोबांच्या वहीतलं थ्रिप्सचं पान तिथेच राहायला हवं.

प्रतिसाद

मी शाळेत इतिहास शिकवते. ‘चक्रीय’च्या जागी काय, यावर एक शब्द सुचवते: दहसाला.

१५८० साली अकबराच्या राज्यात तोडरमलाने शेतसाऱ्याची जी पद्धत घातली तिला दहसाला म्हणतात. आधीच्या दहा वर्षांचं पीक आणि दहा वर्षांचे भाव यांची सरासरी काढायची आणि तिचा तिसरा हिस्सा सारा धरायचा. कारणही तेच होतं: एका सालाच्या पिकावर सारा ठरवला तर कधी रयत मरते, कधी खजिना. ही पद्धत तेव्हा आपल्या दख्खनेत नव्हती, इथे निजामशाही होती. पण शब्द पाठ्यपुस्तकांमुळे ओळखीचा आहे, आणि ‘साल’ तर आपल्या बोलण्यात मुरलेलंच आहे, सालगडी म्हणा, सालाबादप्रमाणे म्हणा.

‘दशवार्षिक’ मात्र वापरू नका. दशवार्षिक जनगणना म्हणजे दहा वर्षांतून एकदा होणारी. इथे दहा वर्षं एकत्र धरलेली आहेत. ‘दहसाला सरासरी’ म्हटलं की तो घोटाळा होत नाही.

‘चक्रीय’ हा शब्द माप कशासाठी आहे ते सांगतो, कसं काढलंय ते सांगत नाही. नवख्या वाचकाला आधी ‘कसं’ कळलं पाहिजे. ‘कशासाठी’ सांगायला ‘तेजी-मंदीचे चढउतार बुजवण्यासाठी’ एवढं एक वाक्य पुरतं.

प्रतिसाद

दहसाला मला मनापासून आवडला. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी गुंतवणुकीवरच्या त्यांच्या पुस्तकात १९३४मध्येच लिहून ठेवलं होतं की किमान पाच, शक्यतो सात ते दहा वर्षांचा सरासरी नफा पाहावा. दहाचा आकडा शिलर यांच्या आधीपासून आहे.

ताई, एक विनंती आहे. व्याख्येनंतरच्या वाक्यात क्रियापद जपून वापरा. ‘पट जास्त असेल तर बाजार पडतो’ असं अजिबात लिहू नका. १९२९च्या शिखरावर हे माप तिशीच्या थोडं वर होतं, १९९९च्या अखेरीस ४४ झालं, आणि १९८२च्या उन्हाळ्यात सातच्याही खाली होतं. हे वाचून वाटतं, किती सोपं आहे. पण ३ डिसेंबर १९९६ला कॅम्पबेल आणि शिलर यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे बाजार महाग असल्याचं मांडलं, दोनच दिवसांनी त्या बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी त्यांचं ते प्रसिद्ध ‘इर्रॅशनल एक्झ्युबरन्स’चं (अविवेकी उत्साहाचं) भाषण केलं, आणि त्यानंतरही बाजार २००० सालच्या मार्चपर्यंत चढतच राहिला. त्या सव्वातीन वर्षांत ज्याने सगळं विकून टाकलं त्याला तो काळ फार लांब गेला असणार. म्हणून ‘पट जास्त असताना घेतलेल्या शेअरवर पुढच्या दहाएक वर्षांत परतावा बहुधा कमी मिळत आलाय’ इतकंच म्हणा. ‘बहुधा’ आणि ‘आलाय’ हे दोन्ही शब्द राहू द्या, संपादकांनी कापले तर भांडा.

माझे वडील ‘भाव’ आणि ‘मोल’ यांत कायम फरक करायचे. भाव बाजार सांगतो, मोल आपण ठरवतो. त्यामुळे या मापाच्या नावात ‘मूल्य’ नको. वरची बाजू निव्वळ आजचा भाव आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

तुमच्या सगळ्यांच्या उत्तरांनी माझं काम फार हलकं झालं. मसुदा असा केलाय:

‘दहसाला नफापट (केप रेशो, शिलर पी/ई): मागच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा निव्वळ नफा महागाईच्या निर्देशांकाने आजच्या रुपयांत आणून त्यांची सरासरी काढतात. शेअरचा किंवा निर्देशांकाचा आजचा भाव या सरासरीच्या किती पट आहे, ते म्हणजे दहसाला नफापट. एखाद्याच वर्षाच्या तेजीने किंवा मंदीने हिशेब बिघडू नये म्हणून दहा वर्षं घेतात.’

खाली ३०० रुपयांच्या शेअरचं उदाहरण घेतलंय, आणि वहीचंही घेईन म्हणते, दादांची हरकत नसेल तर. आईला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “वाईट वर्षं धरलीत ना?”

प्रतिसाद

वहीचं खुशाल घ्या, गावाचं नाव घातलंत तरी चालेल. फक्त ‘आजच्या रुपयांत’ बदला ताई. पुढच्याच पानावर तुमचा अमेरिकेचा निर्देशांक येणार, तिथे डॉलर आहेत. ‘आजच्या पैशात’ ठेवा.