जुन्या १९ इंची मॉनिटरच्या जागी नवा: २२ घ्यावा की २४? आणि डीव्हीआयचं काय करायचं?

प्रश्न (की-बोर्डकर)
जुना १९ इंची एलसीडी, १२८० × १०२४. चालू केला की पहिली काही मिनिटं स्क्रीन लालसर दिसते. नव्या मॉनिटरना फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, आणि माझ्या सीपीयूमागे व्हीजीए नि डीव्हीआय हे जुने पोर्ट. काम एक्सेल आणि टायपिंगचं. २२ इंची पुरेल का? कन्व्हर्टर कोणता घ्यायचा?

उत्तर (पिक्सेलमोज्या)
लालसर दिसतंय म्हणजे बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) थकला. त्या काळच्या पॅनेलमागे सीसीएफएलच्या, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या, बारीक नळ्या असत. त्या बदलत बसण्यात राम नाही. नळीत पारा असतो, तेव्हा मॉनिटर ई-कचऱ्यातच द्या.

२२ मात्र घेऊ नका. तुमच्या १९ इंचीची उंची ११.९ इंच आहे. १६:९ मध्ये २२ इंचीची भरते १०.८, २४ इंचीची ११.८. म्हणजे २२ वर ओळी जवळपास तेवढ्याच, पण अक्षरं बारीक. इंचामागे पिक्सेल बघा: आत्ता ८६, २४ इंची फुल एचडीवर (१९२० × १०८०) ९२, २२ वर १००. २७ इंची फुल एचडीवर ८२ च, अक्षरं जाडीभरडी दिसतील.

ओएलईडीचा (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या पडद्याचा) मोह टाळा. एक्सेलच्या चौकटी नि टास्कबार दिवसभर एकाच जागी; डाग तिथेच पडतात.

उत्तर (केबलवाला)
व्हीजीए सोडा, डीव्हीआय वापरा. डीव्हीआय ते एचडीएमआय ही साधी केबल, कारण दोन्हीकडे सिग्नल एकाच जातीचा. व्हीजीएला मात्र यूएसबीवर चालणारा डबा लागतो, तरी अक्षरांच्या कडा पुसट येतात. हमखास होणारी चूक: एचडीएमआय-ते-व्हीजीए डोंगल उलटं लावणं. ते एकाच दिशेने चालतं. डीव्हीआय ते डिस्प्लेपोर्ट साध्या केबलने होत नाही.

सिंगल-लिंक (एकेरी) डीव्हीआयची पिक्सेल पाठवण्याची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. फुल एचडी ६० हर्ट्झला १४८.५ लागतात, म्हणजे आरामात बसतं. २५६० × १४४० ला सुमारे २४१. त्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड. पोर्टमध्ये २४ पिना (दुहेरी, म्हणजे ड्युअल-लिंकच्या) दिसल्या म्हणून हुरळू नका, डीव्हीआय ते एचडीएमआय केबलमधून सहसा सिंगल-लिंकच जातं. आवाजासाठी स्पीकर वेगळे जोडा, डीव्हीआयमधून तो येईलच असं नाही.

की-बोर्डकर
२४ जोडला. काळा रंग राखाडी दिसतोय आणि टास्कबार अर्धा कापला गेलाय.

केबलवाला
कार्ड त्याला टीव्ही समजतंय. टीव्हीच्या हिशेबात काळा म्हणजे १६, संगणकाच्या हिशेबात ०. ड्रायव्हरमध्ये आरजीबी रेंज 'फुल' (०–२५५) करा. तो पर्याय नसेल तर मॉनिटरच्या मेनूत ब्लॅक लेव्हल बदलून बघा. कापलेला टास्कबार म्हणजे ओव्हरस्कॅन (चित्र पडद्याच्या कडांबाहेर जाणं), तोही मॉनिटरच्या मेनूत बंद करा. मग रिझोल्यूशन १९२० × १०८० आहे ना तपासा आणि क्लिअरटाइप (विंडोजमधलं अक्षरं रेखीव करण्याचं सेटिंग) नव्याने लावा. जुन्या पॅनेलचं सेटिंग इथे जुळेलच असं नाही.